मुठीत दडविलेली वीज

शर्यतीच्या जनावराला त्याच्या शक्तीपलीकडे पळविण्याचे जे जे अवैध उपाय मनुष्याने आजवर योजिले, त्यांत विजेच्या धक्क्याइतका क्रूर आणि त्याच वेळी इतका अदृश्य उपाय दुसरा आढळत नाही. आसूड ओढला तर पाठीवर वळ उठतो, पराणी टोचली तर रक्ताचा थेंब दिसतो, उत्तेजक द्रव्य पाजले तर ते रक्तात व मूत्रात सापडते आणि प्रयोगशाळेच्या दफ्तरी त्याची नोंद होते. परंतु धातूच्या दोन बोथट टोकांतून क्षणमात्र वाहून गेलेली वीज कातडीवर बहुधा काहीच मागे ठेवीत नाही, आणि जे मागे राहते ते त्या मुक्या जिवाच्या स्मृतीत राहते, जेथवर कोणाही पंचाची दृष्टी पोहोचत नाही. घोडदौडीच्या जगात हा लबाडीचा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला तो याच कारणाने. आणि आमच्या भागातील बैलगाडा शर्यतींविषयी प्राणिमित्र संघटनांनी वारंवार केलेल्या तक्रारींतही बॅटरीच्या धक्क्याचा उल्लेख येतो, तो याच कारणाने गंभीरपणे घ्यावा लागतो.

हिंजवडी हे नाव आज उच्चारले की राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानातील काचेच्या इमारती आणि सकाळ-संध्याकाळ खोळंबलेली वाहने डोळ्यांपुढे येतात. तथापि मुळशी तालुक्यातील हे गाव मुळात म्हातोबाचे गाव आहे, आणि चैत्रातील यात्रेत येथून वाकडला जाणारे बगाड आजही बैलच ओढून नेतात. येथून उत्तरेस वळले की चाकणचे मोटारींचे कारखाने लागतात, आणि त्या कारखान्यांच्या कुंपणांपलीकडे खेड, मावळ, आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील ते घाट सुरू होतात, ज्यांची नावे निमगावच्या खंडोबापासून नाणोलीपर्यंत आणि थापलिंगपर्यंत प्रत्येक गाडाशौकिनाला मुखोद्गत असतात. दुसऱ्या बाजूस, पुण्याच्या छावणीत, १८३० सालापासूनचे घोडदौडीचे मैदान आहे. एक परंपरा साहेबाने आणलेली, दुसरी कुणब्याने जपलेली. एकीत पैज तिकीटखिडकीवर रीतसर लागते, दुसरीत इभ्रत पणाला लागते. परंतु जनावराच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाची परीक्षा दोन्हीकडे सारखीच होते.

उपकरण तसे क्षुल्लक असते. मुठीत लपेल एवढी एक डबी, तिच्यात एखाददुसरा बॅटरीचा सेल, विद्युद्दाब वाढविणारे एक छोटेसे वेटोळे, एक कळ, आणि बाहेर आलेली दोन टोके. सेलचा काही व्होल्टांचा दाब या वेटोळ्यातून हजारो व्होल्टांपर्यंत चढविला जातो. प्रवाह मात्र अत्यल्प आणि तुटक असतो, म्हणून जनावर मरत नाही, भाजत नाही, केवळ वेदनेने आणि भयाने उसळते. ऑस्ट्रेलियात याला जिगर म्हणतात, अमेरिकेत बझर किंवा नुसतेच मशीन. त्यासाठी लागणारे सुटे भाग कोणत्याही विजेच्या दुकानात मिळतात, आणि ज्या पट्ट्यात घरटी एखादा तरी विजेच्या यंत्रांवर काम करणारा माणूस आहे तेथे ते जुळविण्यास कोणा तज्ज्ञाला शोधीत जावे लागत नाही.

ही वेदना जनावराला किती होते, याविषयी एक जुना आणि सोयीस्कर समज आहे की घोड्याचे व बैलाचे कातडे जाड, त्यांना आपल्यासारखे लागत नाही. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली माणसाच्या आणि घोड्याच्या पुठ्ठ्यावरील त्वचेची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली, तेव्हा वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या घनतेत त्यांना लक्षणीय असा कोणताही फरक आढळला नाही, आणि ज्या वरच्या थरात हे तंतू असतात तो थरही घोड्यात माणसापेक्षा जाड निघाला नाही. गुरांची गोष्ट तर याहूनही नाजूक आहे. दुभत्या गायींच्या गोठ्यांत जमिनीतून किंवा लोखंडी गव्हाणीतून गळणाऱ्या विजेचा अभ्यास झाला आहे, आणि त्यातून असे दिसले की ज्या एकदोन व्होल्टांची माणसाला जाणीवही होत नाही त्यांनी गाय दचकते, पाण्याला तोंड लावीत नाही; कारण गुरांच्या देहाचा विद्युत्-रोध माणसाच्या मानाने बराच कमी असतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेने जनावरांच्या वाहतुकीसंबंधी जे निकष घालून दिले आहेत त्यांत घोडा, शेळी-मेंढी आणि वासरे यांच्यावर विजेचा दांडा मुळीच चालवू नये असे म्हटले आहे, आणि मोठ्या गुरांवरही तो केवळ नाइलाज झाल्यास व मागील भागावरच चालवावा असे बंधन घातले आहे.

धक्क्याने वेग वाढतो काय? क्षणभर वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. भयाच्या झटक्याने शरीरात अॅड्रिनॅलिन उसळते, हृदय धावू लागते. घोड्याच्या बाबतीत तर प्लीहा आकुंचन पावून तिच्यात साठविलेल्या तांबड्या पेशी एकदम रक्तात सोडल्या जातात, आणि विश्रांतीच्या वेळी मिनिटाला तीसचाळीस ठोके देणारे हृदय दोनशेच्या वर जाते. परंतु ही सारी सामग्री जनावराजवळ आधीपासूनच असते, आणि पळू लागल्यावर ते ती स्वभावतः वापरतेच; धक्का तिच्यात रतीभरही भर घालीत नाही. तो एवढेच करतो की स्नायू आणि सांधे थकल्याची जी सूचना शरीर देत असते ती भयाच्या गोंगाटात ऐकू येईनाशी होते, आणि जनावर जेथे आपणहून आवरले असते तेथे आवरत नाही. पाय मोडतात ते अशा वेळी. बैलाला याखेरीज आणखी एक अडचण आहे: त्याच्या पोटात शंभर लिटरांहून अधिक सामावेल एवढा मोठा कोठा असतो, आणि घोड्यासारखा भरपूर घाम येऊन त्याचे अंग लवकर निवत नाही.

आता या लबाडीचे जे खरे मर्म आहे, आणि जे अजाण प्रेक्षकाच्या सहसा ध्यानात येत नाही, त्याकडे वळतो. रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव याने कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की एखादी निरुपद्रवी खूण आणि एखादा तीव्र अनुभव ही दोन्ही वारंवार एकत्र दिली, तर पुढे नुसत्या खुणेनेही शरीर त्या अनुभवाचीच तयारी करू लागते. अन्नाच्या बाबतीत हे घडण्यास पुष्कळ पुनरावृत्ती लागते. वेदनेच्या बाबतीत ती थोडकीच पुरते, आणि एकदा बसलेली भीती महिनोन्‌महिने जात नाही. ज्यांना हे उपकरण हुशारीने वापरावयाचे असते ते म्हणून ते शर्यतीच्या दिवशी जवळ बाळगीतच नाहीत. सरावाच्या वेळी घोड्याला डोळ्यांवर झापडे चढवून, वेग टिपेला पोहोचला असता मानेवर एक थाप आणि तिच्या पाठोपाठ धक्का, असे काही वेळा केले म्हणजे काम संपते. शर्यतीच्या दिवशी नुसती झापडे आणि नुसती थाप. डबी घरी राहिलेली असते, झडतीत काही सापडत नाही, आणि हजारो लोकांच्या समक्ष तो प्राणी अशा एका वेदनेपासून जिवाच्या आकांताने पळत असतो जी त्या दिवशी त्याला कोणी दिलेलीच नसते.

जे सापडले ते यामुळे बहुधा उतावळे होते. १९९९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील आर्कान्सा डर्बी ही मानाची शर्यत व्हॅलहॉल नावाच्या घोड्याने जिंकली. तोवर त्याने एकही शर्यत जिंकलेली नव्हती आणि त्याच्यावर एकास तीस असा भाव लागलेला होता. शर्यतीनंतर धावपट्टीवर एक उपकरण सापडले, चित्रफीत पुन्हा पाहता जॉकी बिली पॅटिन याच्या हातून काही वस्तू पडताना दिसली, आणि पहिल्या क्रमांकाचे तीन लाख डॉलर परत घेऊन त्याला पाच वर्षांसाठी मज्जाव करण्यात आला. २०१५ च्या जानेवारीत टेक्ससमधील ह्यूस्टन येथे रोमन चापा या जॉकीने क्वाएट अ‍ॅक्सलरेशन नावाचा घोडा जिंकविला, आणि मैदानाच्या छायाचित्रकाराने अंतिम रेषेवर टिपलेल्या चित्रात त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत ती डबी स्पष्ट उमटली. ते प्रकरणही पाच वर्षांच्या बंदीने आणि जबर दंडाने संपले. दोन्ही प्रसंगी पुरावा दिला तो जनावराच्या शरीराने नव्हे, तर भिंगाने. आणि तोही योगायोगाने.

याहून शिकण्यासारखे प्रकरण डॅरन वियर याचे आहे. २०१५ चा मेलबर्न कप जिंकणाऱ्या प्रिन्स ऑफ पेन्झान्सचा हा प्रशिक्षक. त्या विजयाच्या वेळी घोड्यावर मिशेल पेन ही त्या शर्यतीच्या इतिहासातील पहिली विजेती स्त्री-जॉकी होती, त्यामुळे त्याचे नाव ऑस्ट्रेलियाबाहेरही गाजले. ३० जानेवारी २०१९ रोजी पोलिसांनी त्याच्या तबेल्यांवर धाड घातली तेव्हा विजेची उपकरणे हाती लागली, आणि आठवड्याभरात त्याला चार वर्षांसाठी शर्यतींच्या जगातून काढून टाकण्यात आले. परंतु खरा प्रकार उघडकीस आला तो पोलिसांनी गुप्तपणे बसविलेल्या कॅमेऱ्यांमुळे. २०१८ च्या मेलबर्न कपाच्या आधीच्या दिवसांत तीन घोड्यांना यंत्राच्या चालत्या पट्ट्यावर उभे करून धक्के दिले जात असल्याचे त्यांत दिसले, आणि २०२२ साली वियरने न्यायालयात आपला अपराध कबूल केला. दंड झाला ३६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांचा. या प्रकरणात हजारो डोळ्यांनी पाहिलेल्या मैदानावर काहीही घडले नव्हते. जे घडले ते बंद दाराआड, सरावात.

घोडदौडीच्या कायदेशीर पायालाच या लबाडीने कसा सुरुंग लागतो हेही पाहण्याजोगे आहे. १९९६ साली लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला, आणि म्हणूनच तिच्यावरील पैज ही जुगाराच्या व्याख्येतून सुटली. घोड्याचे कूळ, त्याची शिकवण, त्याच्या पूर्वीच्या धावा, जॉकीची हुशारी, या सर्वांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, हा त्या निर्णयाचा गाभा. मुठीतील डबी नेमका हा अभ्यास निरर्थक ठरविते. पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या मैदानावर हातात शर्यतीचे पुस्तक घेऊन, पेन्सिलीने खुणा करीत तासन्‌तास हिशेब मांडणारा जो माणूस आपण पाहतो, त्याचीही त्यात फसवणूक होते. जनावराची यातना तर वेगळीच.

बैलगाड्याची बारी ज्याने जवळून पाहिली आहे त्याला तिची ओढ कळते, आणि ती ओढ मी हलकी लेखीत नाही. घाटाच्या पायथ्याशी चार खिलार बैल जुंपलेले, अंगावर गुलाल, शिंगांना रंग. त्यांच्या पुढे घोडी आणि तिच्यावर मांड ठोकून बसलेला, मान वळवून मागे पाहणारा स्वार. बैलांच्या वेसणी आवळून धरलेले पाचसहा जण, ज्यांचे पाय मातीत रुतलेले असतात. निशाण पडते, हात सुटतात, निवेदकाच्या तोंडून ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते, आणि घाटाच्या माथ्यावर घड्याळवाला शतांश सेकंदांसह आकडा सांगेपर्यंत श्वास रोखलेला असतो. अकरा-बारा सेकंदांत सारा खेळ आटोपतो. ‘फळीफोड’ कोणाची, ‘घाटाचा राजा’ कोण, यावर मग पुढली यात्रा येईतो गावोगाव पारावर चर्चा चालते. हाच बैल पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात उभा असतो, घरधनीण त्याच्या खांद्यावर लोणी-हळद चोळून खांदेमळणी करते आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळीचा घास भरविते. गाडामालकांपैकी बहुसंख्य लोक आपल्या बैलाला पोटच्या पोराप्रमाणे वागवितात, हे खेड-मावळात राहणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही.

परंतु त्या अकरा-बारा सेकंदांच्या पाठीमागे आता जे उभे राहिले आहे त्याने तोल ढळू लागला आहे. जेथे पूर्वी फेटा, नारळ आणि फार तर एखादी ढाल मिळे तेथे २०२२ च्या मे महिन्यात, चिखली येथील शर्यतीत, पहिले बक्षीस म्हणून जेसीबी यंत्र ठेवण्यात आले. कारखान्यांसाठी आणि गृहसंकुलांसाठी जमिनी गेल्या, त्यांचे पैसे आले, आणि नामांकित बैलाची किंमत लाखांच्या घरात गेली. दोन गाड्यांमधील अंतर जेव्हा सेकंदाच्या शतांशात मोजले जाते आणि त्या शतांशावर एवढी दौलत टांगलेली असते, तेव्हा शंभरांत एकाच्या मनात तरी त्या डबीचा विचार येणार. आणि त्या एकामुळे उरलेल्या नव्व्याण्णव जणांच्या प्रामाणिक बाऱ्या निष्कारण संशयात येणार.

या शर्यतींचा कायदेशीर इतिहास थोडक्यात असा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा मूळ केंद्रीय अधिनियम १९६० चा. त्यात जनावराला मारहाण करणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल दहा ते पन्नास रुपये दंड सांगितलेला आहे, आणि ती रक्कम तशीच राहिली. २०११ साली केंद्राच्या अधिसूचनेने बैलाच्या खेळांवर मनाई आली. ७ मे २०१४ रोजी नागराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बंद केल्या, आणि बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही असे मत नोंदविले. २०१७ साली राज्याने अधिनियमात दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली, उच्च न्यायालयाने ती अडविली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त इजाजत दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. ज्या अटींवर ही इजाजत मिळाली त्या २०१७ च्या नियमांत आहेत: जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, अनामत रक्कम, धावपट्टी एक हजार मीटरहून लांब नाही, पशुवैद्यकाचा दाखला, संपूर्ण शर्यतीचे चित्रीकरण, आणि काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देणारे साधन यांस सक्त मनाई. दुरुस्त कायद्यात क्रौर्य शाबीत झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पन्नास रुपयांवरून पाच लाखांवर येणे हे अंतर लहान नाही, आणि ज्यांनी ही तरतूद घातली त्यांना त्याचे श्रेय दिले पाहिजे.

तथापि वियरच्या प्रकरणाशी हे नियम ताडून पाहता एक उणीव उघड होते. अर्ज शर्यतीचा, दाखला शर्यतीपुरता, चित्रीकरण शर्यतीचे, बंदोबस्त शर्यतीच्या दिवशी. म्हणजे कायद्याची सारी नजर त्या एका दिवसावर आणि त्या एका घाटावर खिळलेली आहे, जेथे शहाणा अपराधी डबी घेऊन कधीच येत नाही. बैलाच्या मनात भय पेरले जाते ते यात्रेच्या आधीच्या दिवसांत, गावाबाहेरच्या एखाद्या माळावर, जेथे त्याला सरावासाठी पळविले जाते. आणि घाटाच्या पायथ्याशी मग कानाशी मारलेली एक विशिष्ट हाळी किंवा शेपटीजवळ नेलेली रिकामी मूठही पुरते. त्या हाळीवर कोणता पंच आक्षेप घेणार, आणि त्या रिकाम्या मुठीचा पंचनामा कोण करणार?

म्हणून घाटावरची तपासणी आणि माळावरची तपासणी ही दोन वेगळी कामे समजली पाहिजेत. घाटावर चित्रीकरण करणारा कॅमेरा आज बहुतेक माथ्याकडे, निकालाच्या रेषेकडे तोंड करून असतो. तो एक तरी पायथ्याशी, बैल धरणाऱ्यांच्या हातांवर रोखलेला असावा, आणि बारीला उभे राहण्यापूर्वी त्या सर्वांचे व घोडीवरील स्वाराचे हात पंचांनी उघडून पाहावेत. ह्यूस्टनला जे एका छायाचित्रकाराच्या नशिबाने घडले ते येथे नियमाने घडावे. सरावाच्या माळाची गोष्ट याहून कठीण आहे, कारण तेथे तिकीट नसते, निवेदक नसतो आणि अर्जही केलेला नसतो. तेथे पूर्वसूचना न देता जाण्याचा अधिकार पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्याला आणि गावच्या पोलीस पाटलाला लेखी हुकमाने दिला गेला पाहिजे. शर्यतीसाठी ज्या बैलांचे दाखले मागितले जातात त्यांचा सराव कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होतो याची नोंद अर्जातच घेतली गेली पाहिजे. आणि तेथे उपकरण मिळाल्यास गुन्हा दाखल होऊन निकाल लागेपर्यंतची वर्षे न मोजता, तो गाडा त्याच दिवसापासून जिल्ह्यातील सर्व घाटांवर बाद ठरला पाहिजे. बैलगाडा मालकांच्या ज्या संघटनांनी शर्यती पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांनी हे शेवटचे कलम बारीला उभे राहण्यासाठी लागणाऱ्या टोकनच्या नियमांत घालण्यास कोणत्याही सरकारी फर्मानाची वाट पाहण्याची गरज नाही. टोकन देणे वा नाकारणे हे आजही यात्रा कमिटीच्याच हाती आहे.